नट, माती आणि संत्री : सहावी ते आठवीच्या वर्गात शोधप्रयोग कसे घ्यावेत

शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवायचा आणि मुलांनी ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ वहीत उतरवून घ्यायचं, ही पद्धत वाईट नाही. पण तिला शोध म्हणता येत नाही, कारण उत्तर आधीच छापलेलं असतं आणि मुलांना ते माहीत असतं. शोधप्रयोगात मुलांना उत्तर माहीत नसतं. ती आधी अंदाज लिहितात, स्वतःच्या हाताने मोजतात, आणि शेजारच्या गटाचं रीडिंग वेगळं आलं की भांडतात. खरा तास त्या भांडणापासून सुरू होतो, आणि नव्या शिक्षकाचा हात नेमका तिथेच खडूकडे जातो. ‘थांबा, मी सांगतो’ म्हटलं की सगळं संपतं.

हे काही नवं नाही. नागपूरहून सातपुडा ओलांडला की लागणाऱ्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत मिडल स्कूलची मुलं छोट्या टोळ्या करून, साध्या साहित्याने प्रयोग करू लागली. तो कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. वर्ग मोठे, सोयी कमी, तरी चालला. तेव्हा ‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’ हे कारण फार टिकत नाही. खाली नागपुरात सहज मिळणाऱ्या सामानाचे चार प्रयोग दिले आहेत. पहिल्या वर्षी चारही करायची घाई नको, दोन नीट झाले तरी पुष्कळ.

आधी प्रश्न बारीक करा

मुलांचे प्रश्न मोठे असतात: ‘संत्रं तब्येतीला चांगलं का?’, ‘कूलर थंड हवा कशी देतो?’ असा प्रश्न चाळीस मिनिटांत मोजता येत नाही. त्याला चाळणी लावायची ती अशी: एकच गोष्ट बदलायची, एकच गोष्ट मोजायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मग ‘संत्रं चांगलं का’चं होतं ‘ताज्या रसात आणि कालच्या रसात क जीवनसत्त्व सारखंच असतं का’. हे मोजता येतं. फळ्यावर तीन रकाने आखा – काय बदलणार, काय मोजणार, काय सारखं ठेवणार – आणि तिसरा रकाना मुलांकडूनच भरून घ्या. तो जितका लांब होईल तितकं बरं.

गट चौघांचा. एक सामान हाताळतो, एक मोजतो, एक लिहितो, आणि चौथा ‘सारखं ठेवायच्या’ यादीवर नजर ठेवतो. दर रीडिंगला कामं बदला, नाहीतर वर्गातला चुणचुणीत मुलगा सगळं करतो आणि तिघं बघे होतात. अठ्ठेचाळीस मुलं म्हणजे बारा गट, म्हणजे सामानाचे बारा संच. तेवढे जमत नसतील तर अर्धा वर्ग प्रयोगाला आणि अर्धा आलेखाला बसवा. सहा-सहा जणांचे गट मात्र करू नका.

अंदाज पेनाने लिहायचा, पेन्सिलीने नाही. सोबत ‘मला असं वाटतं, कारण…’ हे एक वाक्य. अंदाज चुकला म्हणून गुण कापणार नाही, हे आधीच सांगून टाका. आणि खरंच कापू नका. एकदा कापलेत की पुढच्या वेळी सगळी वही खाडाखोडीने भरते.

पहिला प्रयोग : दोलक

सुरुवात दोलकाने करावी. यात काही सांडत नाही, काही संपत नाही, आणि जूनअखेर शाळा उघडल्यावर बाहेर झड लागलेली असली तरी वर्गात बसून होतो.

गटामागे लागतं ते असं: पतंगाचा साधा सुती दोरा दीड मीटर (नायलॉनचा मांजा नको, त्यावर बंदी आहे आणि तो ताणलाही जातो), हार्डवेअरच्या दुकानातले एकाच मापाचे पाच मोठे नट, कपड्यांचा चिमटा, मोजपट्टी, चिकटपट्टी, आणि सेकंद मोजायला घड्याळ किंवा मोबाइल. चिमटा बाकाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट बसवून त्यात दोरा अडकवायचा. चिमट्याच्या दातापासून नटाच्या मध्यापर्यंत ५० सेंटीमीटर लांबी घ्यायची. नट साधारण पाच सेंटीमीटर बाजूला ओढून सोडायचा, ढकलायचा नाही. दहा दोलनांचा वेळ मोजायचा. एकाच दोलनाचा मोजला तर बोट दाबायला झालेला उशीरच त्या सेकंद-दीड सेकंदातला मोठा भाग खातो. दहा दोलनांत तोच उशीर वाटला जातो.

प्रश्न: वजन वाढवलं तर दोलक लवकर हलेल का? जवळजवळ सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. ‘जड आहे तर लवकर येईन न सर!’ वाद घालू नका, करू द्या.

शिक्षकाने जवळ ठेवायचे आकडे: लांबी २५ सेंटीमीटर असेल तर दहा दोलनांना सुमारे १० सेकंद, ५० ला १४, आणि एक मीटरला २० सेकंद. एक मीटरचा दोलक बाकाला बसत नाही, तो दाराच्या चौकटीला टांगून सगळ्यांसमोर करावा. हे आकडे खिशातच राहू द्या, कारण त्यांच्यावरून कुठल्या गटाचं काय चुकलं ते तुम्हाला दुरूनच कळतं.

५० सेंटीमीटरला १४ ऐवजी पावणेतेरा सेकंद आले, तर मोजणी चुकली आहे. नट सोडतानाच मुलं ‘एक’ म्हणतात, म्हणून ‘दहा’पर्यंत नऊच दोलनं होतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ही चूक दर वर्गात निम्मे गट तरी करतात. पण सांगू नका. ‘तुमचं पावणेतेरा आणि त्यांचं चौदा का आलं, दोन्ही गट एकमेकांसमोर करून दाखवा,’ एवढंच म्हणा. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं.

दुसरी चूक जास्त मजेदार आहे. वजन वाढवताना मुलं नट माळेसारखे एकाखाली एक लटकवतात. पाच नटांची माळ झाली की वजनाचा मध्य तीन-चार सेंटीमीटर खाली सरकतो, आणि २५ सेंटीमीटरच्या दोलकात दहा दोलनं अर्ध्या-पाऊण सेकंदाने लांबतात. गट निष्कर्ष काढतो: ‘जड दोलक हळू हलतो.’ आकडे खरे, मापन प्रामाणिक, निष्कर्ष चुकीचा. कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, वजन आणि लांबी. ‘एकच गोष्ट बदला’ हा नियम शंभर वेळा सांगून जे होत नाही ते इथे एका माळेने होतं. पाचही नट एकाच गाठीत गुच्छासारखे बांधले की फरक नाहीसा होतो.

दुसरा : पाणी कोणत्या मातीतून लवकर झिरपतं

तीन नमुने घ्या: शेतातली काळी माती, मुरूम आणि कन्हानची वाळू. बांधकाम कुठे ना कुठे चालू असतंच, वाळू मागितली तर ओंजळभर कोणीही देतो. लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा केला की नरसाळं होतं. तोंडाला सुती कापडाची दुहेरी घडी रबराने बांधायची, खालचा भाग पाणी गोळा करायला. कापण्याचं काम शिक्षकाने घरून करून आणावं, आणि कडेला चिकटपट्टी लावावी, कारण ती कड हात कापते.

प्रत्येकात १५० ग्रॅम कोरडी माती, ढेकळं हरभऱ्याच्या दाण्याएवढी फोडून. वरून २०० मिली पाणी, पण धारेने नाही. मातीवर कागदाचा तुकडा ठेवून त्यावर हळूहळू. पहिला थेंब किती सेकंदांनी पडला आणि दहा मिनिटांत किती मिली जमलं, या दोन नोंदी.

काळी माती पाणी धरून ठेवते हे मुलांना माहीत असतं. पण माती अगदी कोरडी असेल तर पहिल्यांदा पाणी ढेकळांच्या फटींतून भसकन खाली जातं आणि मुलं गोंधळतात. त्याच मातीवर थोड्या वेळाने पुन्हा २०० मिली ओता. आता पाणी वरच साचून राहतं. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फटी बुजतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात आणि पावसाने मिटतात, त्याच इथे बाटलीत मिटल्या. म्हणून दुसऱ्यांदा पाणी ओतणं गाळू नका, खरा प्रयोग तोच आहे. माती ओलसर असेल तर यातलं काहीच दिसत नाही.

तिसरा : संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व

हा हिवाळ्यात. आंबिया बहाराची संत्री तेव्हा कळमन्याच्या बाजारापासून गल्लीतल्या हातठेल्यापर्यंत सगळीकडे असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना हमखास ठाऊक असतं. रसात काय आहे ते सहसा मोजलेलं नसतं. सातवी-आठवीसाठी योग्य, आणि जोड तास लागतो.

तत्त्व सोपं आहे. आयोडीन पिष्टाला भेटलं की निळं-काळं होतं. पण रसात क जीवनसत्त्व असेल तर ते आयोडीनला आधी गाठतं आणि रंग येऊ देत नाही. सगळं क जीवनसत्त्व संपलं की पुढच्या थेंबाला रंग टिकतो. म्हणजे जितके थेंब जास्त, तितकं क जीवनसत्त्व जास्त.

आदल्या संध्याकाळी तयारी:

१. मेडिकलमधून पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं ‘सोल्यूशन’ आणा, १०० मिलीची एक बाटली. लेबल वाचून घ्या. त्याच नावाचं ‘स्क्रब’ मिळतं, त्यात साबण असतो आणि नुसता फेस होतो. मलमही नको. टिंक्चर आयोडीनमध्ये अल्कोहोल असतं, तेही टाळा. जेवढं सोल्यूशन तेवढंच पाणी घालून पातळ करा. सगळ्या वर्गाला एकाच बाटलीतलं द्या.

२. एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट थोड्या गार पाण्यात कालवा, त्यावर पाव लिटर उकळतं पाणी ओतून ढवळा आणि गार होऊ द्या. हे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतं, त्यानंतर आंबतं. काहीच नसेल तर भाताची गाळलेली पेज चालते.

३. क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून एक लिटर पाण्यात विरघळवा. हे मात्र प्रयोगाच्या दिवशी सकाळीच करा, ठेवलं तर उतरत जातं. गोळीतला थोडा चुरा तळाशी राहतो, त्याने बिघडत नाही. हे आपलं माप: १०० मिलीत ५० मिलिग्रॅम.

४. स्वतः एकदा पूर्ण करून बघा. गोळीच्या पाच मिली पाण्याला साधारण २५ ते ३५ थेंब लागले पाहिजेत. फार कमी-जास्त लागले तर ड्रॉपर बदला किंवा आयोडीन किती पातळ केलं ते पुन्हा तपासा.

वर्गात प्रत्येक गटाला एक काचेचा ग्लास किंवा चंचुपात्र, बिनसुईची ५ मिलीची सिरिंज, एक ड्रॉपर आणि ग्लासाखाली पांढरा कागद. रस पातळ फडक्यातून गाळून घ्यायचा. पाच मिली रस, त्यात २० मिली पाणी, पिष्टाचे १० थेंब. मग ड्रॉपर सरळ उभा धरून आयोडीनचा एकेक थेंब टाकत ग्लास गोल फिरवायचा. प्रत्येक थेंबाला निळी रेघ उमटते आणि विरते. शेवटी शेवटी विरायला वेळ लागू लागतो. रंग वीस सेकंद टिकला की थांबायचं आणि थेंब लिहायचे. संत्र्याच्या केशरी रंगामुळे इथे स्वच्छ निळा दिसत नाही, मळकट करडा-हिरवट दिसतो. मुलं निळ्याची वाट बघत पाच-सहा थेंब जास्त टाकतात. यावर उपाय म्हणजे रंग न बदललेल्या रसाचा दुसरा ग्लास शेजारी ठेवणं.

आधी गोळीचं पाणी, मग रस, दोन्ही तीन-तीनदा. हिशेब:

रसाचे थेंब ÷ गोळीच्या पाण्याचे थेंब × ५० = १०० मिली रसातले मिलिग्रॅम

समजा रसाला १८ आणि गोळीच्या पाण्याला ३० थेंब लागले, तर उत्तर ३०. थेंबाचा आकार प्रत्येक ड्रॉपरचा वेगळा, पण भागाकारात तो कटून जातो. अट एकच, दोन्हीला तोच ड्रॉपर. अर्ध्यात ड्रॉपर बदलला तर हिशेब गेला. आणि ड्रॉपर तिरपा धरला तर थेंबाचा आकार बदलतो. तिसरं रीडिंग उगीच वर-खाली जात असेल तर आधी हाताकडे बघा.

सामानाचा अंदाज असा: बारा गट, दोन द्रावणं, तीन-तीन वेळा, म्हणजे ७२ रीडिंग. एकाला मूळ सोल्यूशन पाऊण मिलीच्या आसपास लागतं, म्हणून १०० मिलीची बाटली पुरून उरते. संत्री पाच-सहा बस्स. त्यातलं एकही खायचं नाही. खायची वेगळी आणा आणि ती प्रयोग संपून हात धुतल्यावर वाटा. हे आधी जाहीर केलं नाही तर एका गटाचा नमुनाच नाहीसा होतो.

एकदा पद्धत बसली की प्रश्न मुलांवर सोपवा. ताजा आणि रात्रभर उघडा ठेवलेला. उकळलेला आणि न उकळलेला. स्टीलच्या आणि तांब्याच्या भांड्यात ठेवलेला (तांब्यामुळे क जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं, तेव्हा तो रस मोजायचाच, प्यायचा नाही). पण सगळ्यात रंगतो तो लिंबाचा. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व जास्त, अशी बहुतेकांची, मोठ्यांचीसुद्धा, पक्की समजूत असते. लिंबू संत्र्याच्या फार पुढे जात नाही, अनेकदा मागेच राहतं. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो आणि आयोडीनला त्याच्याशी देणंघेणं नसतं. आवळा घ्यायचा असेल तर रस दहापट पातळ करा आणि उत्तराला दहाने गुणा. नाहीतर शेकड्याने थेंब मोजत बसावं लागतं आणि बाटली तिथेच संपते. पाकिटातल्या संत्र्याच्या पेयाने ताज्या रसाला मागे टाकलं तर दचकू नका. कारखान्यात क जीवनसत्त्व वरून घातलेलं असू शकतं. डब्यामागची घटकांची यादी मुलांनाच वाचायला सांगा.

पांढऱ्या शर्टावर डाग पडणारच. उरलेलं गोळीचं पाणी डागावर चोळलं की तो मुलांच्या डोळ्यांदेखत जातो, आणि का गेला हे तोवर त्यांना सांगता येतं. थायरॉइडची औषधं चालू असलेलं किंवा आयोडीनने त्वचेवर पुरळ येणारं मूल असेल तर त्याला लेखनिक करा.

तासाची वाटणी आणि वही

चाळीस मिनिटांपैकी पाच अंदाजाला, वीस मोजण्याला, पाच आवराआवरीला, दहा फळ्यावर. आवराआवरीची पाच मिनिटं धरली नाहीत तर चर्चेची दहा त्यात जातात. फळ्यावर सगळ्या गटांची सगळी रीडिंग लिहा, बिघडलेलीसुद्धा. सरासरी काढण्याआधी विचारा: यातलं कोणतं रीडिंग तुम्हाला खटकतं, आणि ते पुसायला तुमच्याकडे कारण काय आहे? ‘ते वेगळं आलं’ हे कारण नाही. ‘आमचा ड्रॉपर बदलला’ हे कारण आहे.

वहीत प्रश्न, अंदाज, तक्ता, निष्कर्ष आणि एक शंका. शंकेची ओळ रिकामी ठेवू द्यायची नाही. आकारिक मूल्यमापनात प्रयोगाचे गुण द्यायचेच असतात. ते तक्ता आणि शंका यांवर द्या, उत्तर ‘बरोबर’ आलं यावर नको. बरोबर उत्तराला गुण ठेवले की पुढच्या वेळी बारा गटांची रीडिंग दशांशापर्यंत सारखी येतात.

चौथा : कूलर पावसाळ्यात का चालत नाही

नागपूरच्या मुलाने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. प्रयोगशाळेतले दोन तापमापी (ताप मोजायचे नाहीत, आणि पाऱ्याचेही नाहीत) शेजारी टांगा. कोरडे असतानाच दोघांत अर्ध्या-एक अंशाचा फरक असतो, तो आधी लिहून ठेवा. मग एकाच्या फुग्याभोवती ओलं सुती फडकं गुंडाळा, पंखा लावा आणि दर मिनिटाला दोन्ही वाचा. आकडा उतरायचा थांबला की संपलं.

फडकं भिजवायचं पाणी वर्गाच्या तापमानाचं हवं. मुलं हमखास माठातलं आणतात आणि मग तापमान बाष्पीभवनाने उतरलं की गार पाण्याने, हे कळत नाही. मार्चच्या कोरड्या दुपारी दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक पडतो. जुलैच्या झडीत तोच एक-दोन अंशांवर येतो. म्हणून हा प्रयोग वर्षातून दोनदा करायचा आणि जुलैचा तक्ता मार्चपर्यंत जपून ठेवायचा. मुलांच्या वह्या हरवतात, एक प्रत मोठ्या कागदावर करून कपाटात ठेवा.

सुट्ट्या लागायच्या आत आणखी एक काम उरतं. काळी माती एप्रिलअखेरीसच भेगाळलेल्या शेतातून आणून उन्हात वाळवा. शाळा उघडेपर्यंत पाऊस लागलेला असतो, आणि तेव्हा आणलेली माती वर्तमानपत्रावर आठवडाभर पसरूनही नीट वाळत नाही. बारा गटांना दोन किलो पुरते, तीन किलो भरा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून गावाचं नाव आणि तारीख लिहा.